हिरवा ठिपका

माझा गुडघा बरा झाला असं तुम्ही लिहून टाकलंत, आणि तुमच्यापैकी एकानंही तो बघितला नव्हता. हात लावणं तर लांबच राहिलं. उजवा की डावा, एवढं तरी तोंडपाठ आहे का तुम्हाला? उजवा.

तुम्ही म्हणजे कोण, हेही मला नीट माहीत नाही. ठाण्याच्या तुमच्या त्या हॉस्पिटलात मी ज्याला त्याला विचारलं, हे फोनवरच्या व्यायामाचं कुणी ठरवलं? प्रत्येक जण म्हणाला, वरून आलंय. वर म्हणजे कुठे, म्हटलं की कुणी जिन्याकडे बघायचं, कुणी पंख्याकडे. मला जिना चढवत नाही. म्हणून खालूनच बोलते. ऐकू येईल एवढं मोठ्यानं बोलते.

मी मीरा बाबुराव गमरे. राहणार आंबिवली, स्टेशनपासून पायी अंतरावर, चौथा माळा, लिफ्ट नाही. कंपनी बंद पडली तेव्हा हिशोबाचे जे पैसे मिळाले त्यात बाबुरावांनी ही खोली घेतली. घेताना म्हणाले, वर हवा चांगली येते. हवा येते अजून. ते गेले. रत्नदीप, आमचा मुलगा, पुण्याला असतो, हिंजवडीत नोकरी, वाकडला फ्लॅट. सून मृणाल चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तर घरात मी एकटी.

गुडघा कशानं गेला ते सांगते, कारण तुमच्या फोननं ते कधी विचारलं नाही. डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रात मी पोळ्या लाटायचे. सकाळी उभी राहिले की दुपारपर्यंत उभी. खाली लादी, समोर शेगडी, वजन सगळं उजव्या पायावर, कारण डावीकडे पिठाचा डबा आणि उजवीकडे तवा, वळायचं ते उजवीकडेच. हे क्षिप्रा मॅडमनी माझ्या चालण्यावरून ओळखलं होतं. मी सांगायच्या आधी.

क्षिप्रा मॅडम म्हणजे तुमच्याच हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर. तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, त्यांची खोली होती. दोन टेबलं, रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर. कोपऱ्यात शेकाच्या पिशव्या गरम करायची टाकी. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्हा बायकांची पाळी. आंबिवलीहून कल्याण, कल्याणला गाडी बदलून ठाणे, मग रिक्षा. दुखऱ्या पायानं एवढं कशाला जातेस, असं रत्नदीप विचारायचा. मी जायचे. आठवड्यातून दोनदा माझ्या अंगाला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा, तो त्या खोलीत. हे त्याला कसं सांगणार?

क्षिप्रा मॅडम वयानं रत्नदीपपेक्षा लहान. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, दाबा. मी दाबायचे. मग अंगठा वाटीच्या बाजूला लावून विचारायच्या,

"मीराताई, कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं आहे म्हणजे किती वाईट?"

मग मी सांगायचे. सकाळी उठताना किती, जिना उतरताना किती, संडासात किती. सगळं सांगायचे.

बाजूच्या टेबलावर प्रमोदिनीताई असायच्या. डोंबिवलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दोन्ही गुडघे गेलेले आणि जीभ शाबूत. त्या पडल्या पडल्या म्हणायच्या, "तिला काय विचारतेस गं क्षिप्रा? ही उद्या सरणावरूनसुद्धा बरं आहे म्हणेल."

"आमच्यात आता विद्युतदाहिनी असते," मी म्हणायचे. "तिथं बोलायला वेळ मिळत नाही."

एकदा त्यांनी विचारलं, कुठल्या केंद्रात होतात? मी नाव सांगितलं. त्या टेबलावर उठूनच बसल्या.

"अहो, म्हणजे आमच्या घरी तुमच्याच पोळ्या. आमचे हे म्हणायचे, तुझ्यापेक्षा त्या बाईच्या हाताला चव आहे. मी विचारलंही होतं मालकाला, पोळ्या करतं कोण?"

"काय म्हणाला?"

"आपल्यातल्याच बायका आहेत म्हणाला."

"मला काउंटरवर येऊ द्यायचा नाही तो," मी म्हटलं. "गिऱ्हाईक बघेल म्हणून."

टाकीतलं पाणी तेवढं बुडबुडत होतं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी घरून डबा आणला. टेबलावर माझ्यासमोर उघडला, थालीपीठ मोडलं, अर्धं मला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं.

त्या खोलीत हे असं व्हायचं. तुमच्या कुठल्या रकान्यात ते बसतं?

मग एका मंगळवारी खोलीला कुलूप. दारावर छापील कागद. आता उपचार तुमच्या घरी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं व्यायाम, गर्दी नाही, प्रवास नाही. खाली एका बाईचं चित्र, गोरी, केस पांढरे, पँट घातलेली, हसतेय. गुडघा दुखणारं माणूस असं हसत नाही, पण असो. त्याच महिन्यात खोलीत पार्टिशन घालून बिलिंगच्या खिडक्या केल्यात तुम्ही. मी डोळ्यांनी बघितलं.

रत्नदीप चौदा एप्रिलला आलेला. संध्याकाळी खाली मिरवणुकीचा आवाज, आणि हा माझ्या फोनवर वाकून बसलेला.

"आई, हे लय भारी आहे. कॅमेरा तुझे सांधे ओळखतो. पाय वाकडा गेला की लगेच सांगणार. आणि मराठीत बोलते."

"कोण?"

"अ‍ॅप गं. आणि हे बघ, फॅमिली मेंबर म्हणून माझा नंबर टाकलाय. तुला रोज किती दुखलं तो आकडा मला येणार."

"तो कशाला?"

"मला तिकडे कळायला नको, तू कशी आहेस?"

"फोन करून विचार की."

"करतोच ना."

करतो. रविवारी. खोटं नाही बोलणार.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून समोर उभी राहिले. आतून एका बाईचा आवाज आला. गोड, शांत, कुठल्याच गावचा नाही असा.

"नमस्कार मीराजी. तुमचे पाय दिसत नाहीत. कृपया कॅमेऱ्यासमोर या."

मी समोरच होते. दोन पावलं मागे गेले. "तुमचे गुडघे दिसत नाहीत." पुढे आले. "गुडघे दिसत नाहीत." जरा वेळानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी साडीत होते. मशीनला साडीच्या आतला गुडघा दिसत नव्हता. तुम्ही ही वस्तू आंबिवली, टिटवाळा, शहाडच्या म्हाताऱ्या बायांना वाटलीत, आणि म्हाताऱ्या बाया काय नेसतात ते बघायला एक माणूस खिडकीपर्यंत गेला नाही.

साडी गुडघ्यापर्यंत वर धरली तर दोन्ही हात त्यातच अडकायचे. आणि समोर कॅमेरा. पलीकडे कोण बसलंय कुणास ठाऊक. क्षिप्रा मॅडम दार लावायच्या, पडदा ओढायच्या, साडी हवी तेवढीच सरकवायच्या. इथं मी माझ्याच घरात लाज धरून उभी. शेवटी कपाट उघडलं. बाबुरावांचे लेंगे तळाला होते. एक काढला. वास कधीच गेला होता, नुसत्या डांबरगोळ्या. नाडी आवळून बांधली, वरून त्यांचाच सदरा घातला आणि उभी राहिले.

"उत्तम. आता तुम्ही दिसत आहात," बाई म्हणाली.

फोनच्या काचेवर माझ्या अंगावर रेघा आल्या. खांद्याला ठिपका, कमरेला ठिपका, गुडघ्याला ठिपका. काड्यांचा एक माणूस. त्या लेंग्यात, त्या सदऱ्यात, तो हलला की क्षणभर वाटायचं, घरात दुसरं कुणीतरी आहे. मी रोज करायला लागले व्यायाम. कशासाठी करत होते ते तुम्हाला समजलंच असेल, नसेल तर सोडून द्या.

पहिले काही आठवडे फरकही पडला. पाय उचल, धर, सोड. खुर्चीवरून हात न टेकता ऊठ. "शाब्बास मीराजी." आयुष्यभर पोळ्या लाटल्या, शाब्बास कुणी म्हटलं नव्हतं. मी जिना उतरून भाजीला जायला लागले, रविवारी विहारात वंदनेला जायला लागले. जमिनीवर बसवायचं नाही, पण भिंतीकडेच्या खुर्चीवर बसायचे आणि पुढच्या बायांना म्हणायचे, मी आता मागच्या बाकावरची झाले.

घोळ झाला तो व्यायाम संपल्यावरच्या प्रश्नाचा.

"आज गुडघ्यात किती दुखत आहे? शून्य ते दहामध्ये सांगा."

"बरं आहे," मी म्हटलं.

"छान. एक नोंदवत आहे."

मी एक म्हटलंच नव्हतं. तिनंच धरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरं आहे, एक. बरं आहे, एक. आता तुम्ही म्हणाल, बाई, आकडा सांगायला काय झालं होतं? सांगते. आमच्याकडे कुणी विचारलं, कसं आहे, तर माणूस म्हणतं, बरं आहे. ते उत्तर नसतं. ती रीत असते, पाहुण्याला पाणी देतात तशी. मग विचारणारा बसतो. पाणी पितो. इकडचं तिकडचं बोलतो. आणि मग पुन्हा विचारतो, खरं सांग, कसं आहे? तेव्हा सांगायचं. खरं दुखणं दुसऱ्यांदा विचारल्यावर निघतं. तुमच्या आईला विचारून बघा. फोनवर नको, समोर बसून.

तुमची बाई एकदाच विचारते आणि पुढच्या कामाला लागते.

एक लिहिला गेला म्हणून व्यायाम वाढला. पाटावर चढ, उतर. मग अर्धं खाली बसून ऊठ. मग पायाला वजन बांध, वजन नसेल तर किलोभर तांदळाची पिशवी बांध. गुडघ्यात आतल्या आत काहीतरी घासायला लागलं. मी करत राहिले. तिनं सांगितलं म्हणजे असेल काही, असं वाटायचं. क्षिप्रा मॅडमही दुखेपर्यंत करायला लावायच्या, पण त्यांचा डोळा माझ्या तोंडाकडे असायचा. ही बाई गुडघ्याकडे बघायची. तोंडावर ठिपका नव्हता.

मी प्रमोदिनीताईंना फोन केला. त्यांचं उत्तम चाललेलं. खरंच उत्तम, दोन्ही गुडघे सुधारलेले.

"अहो, मला तर सोयीचं झालं. जायला नको, यायला नको."

"आकड्याचं काय करता?"

"काय करायचंय? काल साडेचार सांगितला. ती म्हणाली, पूर्ण संख्या सांगा. म्हटलं, बाई, जन्मभर अर्धा मार्क देत आलेय, आता तुझ्यासाठी मोडू का?" मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही बरं आहे म्हणत असाल."

"हो."

"वाटलंच मला. मीरा, आकडा सांगत जा गं."

त्या मला पहिल्यांदा गं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटली.

गुडघा सुजला. वाटी दिसेनाशी झाली, गरम लागायला लागला. तेव्हा मी सरळ ठाण्याला आले. तुमच्या दारात. कशी आले ते विचारू नका. जिथं खोली होती तिथल्या काउंटरवर एक मुलगा बसलेला, गळ्यात पट्टा, त्यावर नाव नयन. त्यानं माझा नंबर टाकला.

"मावशी, तुमचं मस्त चाललंय. तुम्ही ग्रीन आहात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दुखत नाही तुम्हाला."

"मग ही सूज कुणाची?"

त्यानं काउंटरवरून वाकून बघितलं. साडी दिसली त्याला. "ते अ‍ॅपमध्ये सांगा ना."

"तुला सांगते."

"मला सांगून काय होणार मावशी? मी नयन."

वाईट नव्हता पोरगा. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या खुर्चीवर मी बसून राहिले. समोरून लोक बिलं भरत जात होते. मग जिन्यावरून क्षिप्रा मॅडम चहाचा कप घेऊन खाली आल्या आणि मला बघून थांबल्या. कप नयनच्या काउंटरवर ठेवला. तिथंच कॉरिडॉरमध्ये उकिडव्या बसल्या, ओढणी आडवी धरली, साडी हवी तेवढीच सरकवली आणि अंगठा लावला.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"मीराताई."

एवढंच म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. पाट, तांदूळ, लेंगा, सगळं. लेंग्याला त्यांना हसू आलं असावं, पण हसल्या नाहीत.

"मी वर बसते आता," त्या म्हणाल्या. "समोर स्क्रीन. शेकड्यांनी ठिपके. लाल झाला की मला पेशंटला फोन करता येतो, बोलावता येतं. हिरव्याला नाही. तुमचा ठिपका मी रोज बघायचे. वाटायचं, चला, मीराताई तरी बऱ्या आहेत."

"तुम्हालाही वाटलं?"

त्यांनी माझी साडी सारखी केली. मग म्हणाल्या, "पाट बंद, वजन बंद. बर्फ लावा. आणि आकडा खरा सांगा. लागोपाठ दोन दिवस पाचाच्या वर गेला की लाल होतो. मग केसपेपर निघेल, मग मी स्वतः तपासते. आत्ता नाही करता येत. पाणी झालंय आत, हात लावल्यावर कळतंय मला. पण हात लावल्याचं कुठं लिहिताच येत नाही."

हे त्या बोलल्या म्हणून त्यांना त्रास देऊ नका. खरं बोलणारं एक माणूस आहे तुमच्याकडे, तेही काचेमागे बसवलंय.

घरी आले. लेंगा घातला, डब्याला फोन टेकवला. व्यायाम नुसता बसून केला. बाईनं विचारलं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "सहा."

"सहा नोंदवलं. काळजी घ्या मीराजी."

नाडी सोडायच्या आत फोन वाजला. डॉक्टरचा असेल असं वाटलं. रत्नदीप होता. वार रविवार नव्हता.

"आई, काय झालं? मला वॉर्निंग आलीये. सहा?"

"काही नाही रे."

"काही नाही म्हणजे सहा कसं? हे बघ, मी शनिवारी गाडी घेऊन येतो. चार कपडे भरून ठेव. घराचं नंतर बघू."

"घराचं काय बघायचंय?"

मागून मृणालचा आवाज आला, हळू बोल म्हणून.

"आई, चौथा माळा. लिफ्ट नाही. ब्रोकरशी बोललोय मी सहज. चांगला रेट येतोय सध्या. इकडे तुला स्वतंत्र खोली आहे, खाली गार्डन आहे…"

"अरे, सहा वाजले असं म्हटलं मी," मी म्हणाले. "तिनं तेच लिहून घेतलं."

"काय?"

"घड्याळाकडे बघून म्हटलं, सहा वाजले. तिनं गुडघ्याचा आकडा म्हणून धरला."

तो हसला. "ही एआय पण ना," म्हणाला. खूप हसला. लगेच पटलं त्याला. मग बाकीचं बोलला, ऑफिसचं, ट्रॅफिकचं, आणि शनिवारचं पुन्हा काही बोलला नाही.

मी पुण्याला राहून बघितलंय. खोली आहे, गार्डन आहे, लिफ्ट आहे. तिथं सगळे मला बसा म्हणतात. सकाळी बसा, दुपारी बसा. इथं माझी किल्ली माझ्या कमरेला असते. विहारात माझी खुर्ची भिंतीकडेला असते, मी गेले नाही तर कुणी तरी विचारतं, गमरेबाई का नाही आल्या. एवढंच आहे माझ्याकडे. ते ठेवायचं तर गुडघा बरा पाहिजे. गुडघा बरा व्हायचा तर दुखतंय असं सांगितलं पाहिजे. आणि सांगितलं की पोरगा गाडी घेऊन येतो. तुम्ही असं यंत्र बनवलंत, की माझं दुखणं डॉक्टरकडे पोचायच्या आधी माझ्या पोराकडे पोचतं. डॉक्टरला दोन दिवस लागोपाठ पाहिजे. पोराला एक पुरतो.

दुसऱ्या दिवशी बाईनं विचारलं. "आज गुडघ्यात किती दुखत आहे?"

काचेवर काड्यांचा माणूस उभा होता, हात लोंबत होते त्याचे.

"बरं आहे," मी म्हटलं.

"छान. एक नोंदवत आहे."

त्या आठवड्याच्या शेवटी फोनवर रंगीत फुगे उडाले. "अभिनंदन मीराजी. तुमचा कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण झाला आहे." टाळ्यांचा आवाजही होता. रत्नदीपनं अंगठा पाठवला, मृणालनं फुलं पाठवली. मी सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून ती फुलं बघत होते.

सवयीनं दुसऱ्या दिवशी लेंगा घातला, फोन डब्याला टेकवला. बाई आली नाही. नुसती पाटी. तुमचा कार्यक्रम पूर्ण झाला आहे, धन्यवाद. बोट लावलं, तीच पाटी. मी वाट बघितली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मी म्हटलं, "सहा." मग म्हटलं, "आठ." मग मोठ्यानं म्हटलं, "दहा." दहा म्हणजे सहन होणार नाही असं, हे तिनंच सांगितलेलं पहिल्या दिवशी. मी बाळंतपण बघितलंय, बाबुरावांचे शेवटचे दिवस बघितलेत, दहा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तरी म्हटलं. घरात आवाज फिरून माझ्याकडेच आला. कुणी नोंदवलं नाही.

प्रमोदिनीताई म्हणतात, पोराला सरळ सांग, गुडघा दुखतो आणि घर विकायचं नाही, दोन्ही एका दमात. सांगेन. ते माझं आणि त्याचं आहे, तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही आधीच पडलात, तेवढं पुरे.

आता मी खाली उतरत नाही. भाजीवाला खालून हाक मारतो, मी दोरीला पिशवी बांधून सोडते. तो टोमॅटो घालून म्हणतो, कसं आहे मावशी? मी वरून म्हणते, बरं आहे. रविवारी विहाराच्या कर्ण्यावरून वंदना ऐकू येते, मी खिडकीत उभी राहून त्यांच्याबरोबर म्हणते. माझी खुर्ची भिंतीकडेला असेल. कुणी बसतं का तिच्यावर, माहीत नाही.

यंत्रातल्या बाईवर माझा राग नाही. तिला जेवढं शिकवलं तेवढं तिनं केलं, आणि शाब्बास तरी म्हणाली. माझा राग तुमच्यावर आहे. एकदाच विचारायचं, हे कुणी ठरवलं? तोंडावर ठिपका नको, हे कुणी ठरवलं? आधी पोराला, मग डॉक्टरला, हे कुणी ठरवलं? खोली बंद करताना तिथल्या एका तरी बाईला विचारलंत का? विचारलं असतंत तर आम्ही बरं आहे म्हटलं असतं, हेही मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, पुन्हा विचारायला पाहिजे होतं.

तर आता विचारा. माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पुसा, केसपेपर काढा, आणि हाताला अंगठा असलेलं एक माणूस माझ्यासमोर बसवा. ते मला कसं आहे म्हणेल, मी बरं आहे म्हणेन. मग त्यानं उठून जायचं नाही. त्यानं दुसऱ्यांदा विचारायचं.

कोण विचारणार आहे? नाव सांगा. कुठल्या वारी, तेही सांगा. मंगळवार की शुक्रवार?